बीटल्सचें चौथें आसन

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हीं चार नांवें जगांतील कोट्यवधि लोकांना एका श्वासांत म्हणतां येतात. रॉक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या इतिहासांत बीटल्स या इंग्रज वृंदाइतकी कीर्ति क्वचितच कोणाला लाभली असेल. हीं नांवें इतकीं एकजीव झालीं आहेत कीं, हे चौघे जणूं आरंभापासूनच एकत्र होते असा सर्वसाधारण समज होऊन बसला आहे. परंतु श्रोतेहो, शाळेंत इतिहास शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, जें आज अटळ भासतें तें घडत असतांना मुळींच अटळ नव्हतें. १९५६ च्या अखेरीपासून ऑगस्ट १९६२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षें, या वृंदांत माणसें येत होतीं आणि जात होतीं. राहिले ते चौघे. गेले ते निदान बारा. आजच्या भाषणांत मी मुख्यतः त्या गेलेल्यांची हकीगत सांगणार आहें. वृंद कसा बनला हें राहिलेल्यांवरून कळतें. तो काय किंमत देऊन बनला हें गेलेल्यांकडे पाहिल्यावरच कळतें.

लिव्हरपूल हें इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील मोठें बंदर. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावाच्या खुणा तेथें पुढें अनेक वर्षें दिसत होत्या. १९५६ सालीं लॉनी डॉनेगन या गायकाच्या एका ध्वनिमुद्रिकेमुळें इंग्लंडांतील पोरांना स्किफल नांवाच्या संगीतप्रकाराचें वेड लागलें. स्किफलचा मोठा गुण असा कीं, त्याला पैसा फारसा लागत नसे. एक स्वस्त गिटार, कपडे घासण्याची पन्हळी फळी, आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी बांधून केलेलें खर्जाचें वाद्य, एवढ्यावर काम भागे. क्वारी बँक या शाळेंतील सोळा वर्षांच्या जॉन लेनननें सोबत्यांना जमवून असाच एक वृंद काढला आणि शाळेच्या नांवावरून त्याचें नांव 'क्वारीमेन' ठेविलें. एरिक ग्रिफिथ्सकडे गिटार, रॉड डेव्हिसकडे बँजो, लेन गॅरीकडे चहाचें खोकें, कॉलिन हँटनकडे ड्रम आणि पीट शॉटनकडे ती घासण्याची फळी. शॉटन हा लेननचा बालमित्र. त्याला संगीतांत फारशी गति नव्हती आणि गोडीहि नव्हती. मित्र म्हणून तो तेथें होता. त्या काळीं या वृंदांत जागा मिळण्यास मैत्री एवढी एकच पात्रता पुरे होत असे. पुढचा सारा इतिहास ही पात्रता कशी बदलत गेली याचा आहे.

६ जुलै १९५७ या दिवशीं वूल्टन उपनगरांत सेंट पीटर चर्चचा उद्यानमेळा भरला होता. तेथें क्वारीमेनचें वादन होतें. आयव्हन व्हॉन नांवाच्या समाईक मित्रानें पॉल मॅकार्टनीला तें ऐकावयास आणलें. पॉलला नुकतींच पंधरा वर्षें पुरीं झालीं होतीं. वादनानंतर त्यानें गिटार हातांत घेऊन एडी कॉक्रनचें एक अवघड गाणें सफाईनें म्हणून दाखविलें. गिटार सुरांत कशी लावावी हेंहि त्याला येत होतें. लेननला त्याच्या आईनें बँजोवरचीं बोटें शिकविलीं होतीं, आणि तींच तो गिटारीवर चालवीत असे. आपल्याहून सरस माणूस आंत घेऊन वृंद बळकट करावा, कीं बाहेर ठेवून आपलें श्रेष्ठत्व राखावें, असा पेंच त्या दिवशीं आपल्यापुढें पडला होता, असें लेनननें पुढें स्वतःच सांगितलें आहे. त्यानें मॅकार्टनीला आंत घेतलें. सोळा वर्षांच्या मुलानें केलेली ही निवड लहान नव्हती. मोठमोठ्या संस्थांच्या चालकांना साठीनंतरहि ती साधत नाहीं.

मात्र या निवडीबरोबरच जुन्या मित्रांचे दिवस भरले. शॉटनशीं कांहीं कुरबूर झाली तेव्हां लेनननें ती घासण्याची फळीच त्याच्या डोक्यावर आपटली. फळी मोडली, शॉटन सुटला, आणि दोघांची मैत्री पुढें कायम राहिली. डेव्हिसचा बँजो स्किफलला शोभे, पण आतां वृंद रॉक संगीताकडे वळूं लागला होता. तोहि दूर झाला. १९५८ च्या आरंभीं मॅकार्टनीनें आपल्या शाळेंतील जॉर्ज हॅरिसनला पुढें आणलें. हा अवघा चौदा वर्षांचा होता, आणि एवढ्या लहान पोराला घेणें लेननला कमीपणाचें वाटे. पण एका रात्रीं बसच्या वरच्या मजल्यावर हॅरिसननें 'रॉन्ची' ही त्या वेळची लोकप्रिय धून गिटारीवर जशीच्या तशी वाजवून दाखविली, आणि वयाचा प्रश्न निकालांत निघाला. लेन गॅरीला मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन दीर्घकाळ इस्पितळांत पडून राहावें लागलें. त्याची जागा आजारानें रिकामी केली.

हॅरिसन आल्यावर चार गिटारी झाल्या. एक जास्त होती, आणि ती एरिक ग्रिफिथ्सची ठरली. त्यानें बेस गिटार विकत घ्यावी असें सुचविण्यांत आलें. तें वाद्य महाग होतें व त्याला परवडण्यासारखें नव्हतें. मग त्याला सरावासाठीं बोलावणेंच बंद झालें. तूं आतां आमच्यांत नाहींस, हें नेत्यानें त्याला समोर बसवून सांगितलें नाहीं. तें त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागलें. तो पुढें व्यापारी जहाजावर नोकरीस गेला. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण चार वर्षांनंतर ती अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हां घडणार आहे.

१९५८ च्या उन्हाळ्यांत लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, ड्रमवादक हँटन आणि पियानो वाजविणारा जॉन लो या पांच जणांनीं लिव्हरपूलमधील पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओंत दोन गाणीं मुद्रित केलीं. तबकडी एकच निघाली, आणि ती पांच जणांत आळीपाळीनें फिरत राहिली. यानंतर कांहीं दिवसांतच लेननची आई ज्यूलिया मोटारीच्या अपघातांत दगावली. वृंदाचे कार्यक्रम विरळ झाले. लो दूर राहणारा. त्याचें येणें बंद पडलें. एका कार्यक्रमाहून परततांना बसमध्यें भांडण झालें आणि हँटन आपले ड्रम घेऊन उतरला तो पुन्हां आलाच नाहीं. अशा रीतीनें ड्रमचें आसन रिकामें पडलें. ड्रम हें महाग व जड वाद्य, त्यामुळें ज्याच्याजवळ तें असे त्याला सारे वृंद बोलावीत. या तिघा गिटारवाल्यांकडे कोण येणार? कार्यक्रम ठरविणाऱ्यांनीं तुमचा ताल कोठें आहे असें विचारलें कीं, आमचा ताल आमच्या गिटारींतच आहे असें उत्तर ते देत.

आतां एका कर्तबगार स्त्रीचा उल्लेख केला पाहिजे. मोना बेस्ट यांचा जन्म दिल्लीचा. त्यांचा मुलगा पीट हा २४ नोव्हेंबर १९४१ रोजीं मद्रास येथें जन्मला, आणि १९४५ मध्यें हें कुटुंब लिव्हरपूलला आलें. २९ ऑगस्ट १९५९ रोजीं मोना यांनीं आपल्या मोठ्या घराच्या तळघरांत तरुणांसाठीं 'कॅस्बा' नांवाचा क्लब उघडला. पहिल्या दिवशीं वाजविणारा दुसराच एक वृंद भांडणामुळें मोडला. त्यांतील हॅरिसन व केन ब्राउन यांनीं लेनन-मॅकार्टनींना हांक मारली, आणि निपचित पडलेले क्वारीमेन पुन्हां उभे राहिले. चौघांना मिळून दर शनिवारीं तीन पौंड, म्हणजे प्रत्येकीं पंधरा शिलिंग मिळत. एके रात्रीं ब्राउन आजारी असल्यानें वाजवूं शकला नाहीं, तरी मोनाबाईंनीं त्याचे पंधरा शिलिंग त्यालाच दिले. बाकीच्या तिघांना तें रुचलें नाहीं. ते रागानें निघून गेले आणि ब्राउनशीं त्यांचा संबंध तुटला. आमच्याकडील नाटकमंडळ्यांच्या फुटीच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना या पंधरा शिलिंगांचें नवल वाटणार नाहीं.

लेनन यावेळीं कलाशाळेंत शिकत होता. तेथील त्याचा मित्र स्टुअर्ट सटक्लिफ हा खरोखर गुणी चित्रकार. त्याचें एक चित्र प्रदर्शनांत ६५ पौंडांस विकलें गेलें, आणि मित्रांच्या आग्रहास्तव जानेवारी १९६० मध्यें त्यानें त्या पैशांतून बेस गिटार घेतली. वाजविण्याचा त्याला सराव नव्हता. म्हणजे मैत्रीची जुनी पात्रता अजून पुरती संपली नव्हती. बडी हॉलीच्या वृंदाचें नांव 'क्रिकेट्स', म्हणजे रातकिडे. त्या चालीवर भुंगेऱ्यांचें नांव घ्यावें ही कल्पना निघाली, तींत सटक्लिफचा मोठा वांटा होता. ताल या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर श्लेष साधण्यासाठीं स्पेलिंग बदललें, आणि कांहीं फेरफार होत ऑगस्ट १९६० मध्यें 'बीटल्स' हें नांव कायम झालें.

नांव मिळालें, पण तालाचें आसन रिकामेंच होतें. मे १९६० मध्यें एका व्यवस्थापकापुढें परीक्षा द्यावयाची होती. त्यासाठीं टॉमी मूर हा २८ वर्षांचा कामगार ड्रमवादक म्हणून मिळाला, पण तो उशिरां पोंचला आणि तोंवर जॉनी हचिन्सन नांवाच्या दुसऱ्या वृंदांतील वादकाला बसवून घ्यावें लागलें. नंतर जॉनी जेंटल या गायकाच्या साथीसाठीं स्कॉटलंडचा आठवड्याभराचा दौरा झाला. वाटेंत गाडीला अपघात होऊन मूरचे दांत गेले, आणि त्याच रात्रीं त्याला इस्पितळांतून आणून वाजवावयास बसविलें. परत आल्यावर त्यानें बाटल्यांच्या कारखान्यांतील आपली नोकरी बरी मानली, यांत त्याला दोष कोण देईल? त्याच्या जागीं नॉर्मन चॅपमन हा तसबिरींच्या चौकटी करणारा कारागीर आला. तो चांगला वाजवीत असे, पण थोड्याच आठवड्यांत त्याला सक्तीच्या लष्करी सेवेचें बोलावणें आलें. ती सक्ती इंग्लंडांत त्याच वर्षाच्या अखेरीस बंद होणार होती. चॅपमनचा जन्म कांहीं महिन्यांनीं पुढेंमागें झाला असता तर बीटल्सचा इतिहास कदाचित् वेगळा झाला असता.

ऑगस्टमध्यें त्यांचे कार्यक्रम ठरविणारे ॲलन विल्यम्स यांनीं जर्मनींतील हँबुर्ग शहरचें काम आणलें. अट अशी कीं ड्रमवादक हवाच. तेव्हां त्यांना मोनाबाईंच्या पीटची आठवण झाली. त्याच्याजवळ नवे ड्रम होते आणि त्याचा स्वतःचा वृंद मोडण्याच्या बेतांत होता. १२ ऑगस्टला त्याची नांवापुरती परीक्षा झाली आणि १६ ऑगस्ट १९६० रोजीं पांचहि जण हँबुर्गला निघाले. तेथें रोज साडेचार तास आणि शनिवार-रविवारीं सहा तास वाजवावें लागे. निजावयास एका चित्रपटगृहाच्या मागची अंधारी खोली. या कष्टांतून वृंदाला जी तयारी आली ती दुसऱ्या कशानें आली नसती, आणि त्या कष्टांत बेस्टचा वांटा कोणाहून कमी नव्हता. नोव्हेंबरांत हॅरिसन अठरा वर्षांखालील असल्याचें उघडकीस येऊन त्याला परत पाठविण्यांत आलें; मागोमाग एका किरकोळ आगीच्या आरोपावरून मॅकार्टनी व बेस्ट यांनाहि देश सोडावा लागला. सटक्लिफ मात्र आस्ट्रिड किर्शहेर या तरुणीच्या प्रेमापायीं तेथेंच राहिला. डिसेंबरांत त्याच्या ऐवजीं चॅस न्यूबी नांवाचा विद्यार्थी चार कार्यक्रमांपुरता आला आणि सुट्टी संपतांच आपल्या अभ्यासास परतला.

१९६१ मध्यें दुसऱ्या हँबुर्ग-मुक्कामांत सटक्लिफनें वृंद सोडला आणि तो तेथील कलाशाळेंत दाखल झाला. त्याची बेस गिटार मॅकार्टनीकडे आली. गेलेल्यांपैकीं स्वतःला काय हवें हें पक्कें ओळखून गेलेला असा हा एकच म्हणावा लागेल. दैव मात्र त्याला अनुकूल नव्हतें. १० एप्रिल १९६२ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन तो एकविसाव्या वर्षीं वारला. दुसऱ्या दिवशीं त्याचे जुने सोबती तिसऱ्या मुक्कामासाठीं हँबुर्गच्या विमानतळावर उतरले, आणि ही वार्ता त्यांना तेथें आस्ट्रिडकडून कळली.

तोंवर ब्रायन एप्स्टाइन हे बीटल्सचे व्यवस्थापक झाले होते. ६ जून १९६२ रोजीं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओंत ई.एम्.आय. कंपनीसाठीं त्यांचें पहिलें मुद्रण झालें. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ड्रमवादन पसंत पडलें नाहीं. मुद्रणापुरता मी दुसरा वादक आणीन, असें त्यांनीं एप्स्टाइन यांना सांगितलें. बेस्टला काढून टाका असें ते म्हणाले नव्हते. १६ ऑगस्ट १९६२ रोजीं, हँबुर्गला निघाल्यास बरोबर दोन वर्षें होत असतां, एप्स्टाइन यांनीं पीट बेस्टला आपल्या कचेरींत बोलावून त्याची जागा गेल्याचें सांगितलें. ज्यांच्याबरोबर त्यानें दोन वर्षें वाजविलें ते तिघे तेथें हजर नव्हते. नवा वादक येईपर्यंत त्याच हचिन्सननें पुन्हां एकदां वेळ मारून नेली. १८ ऑगस्टला रिंगो स्टार, ज्याचें खरें नांव रिचर्ड स्टार्की, त्या आसनावर बसला. कॅव्हर्न क्लबमध्यें बेस्टच्या चाहत्यांनीं आरडाओरड केली; त्या धामधुमींत हॅरिसनचा डोळा सुजला.

श्रोतेहो, हा निर्णय योग्य होता काय? कोणी म्हणतात, बेस्टच्या देखणेपणाचा इतरांना हेवा वाटला. कोणी म्हणतात, तो वादनांतच कमी पडला. येथें मला एक पुरावा महत्त्वाचा वाटतो. ४ सप्टेंबर रोजीं रिंगोसह मुद्रण झालें, तेंहि स्टुडिओच्या चालकांना समाधानकारक वाटलें नाहीं. ११ सप्टेंबरला त्यांनीं अँडी व्हाइट नांवाचा व्यावसायिक वादक आणून ड्रमवर बसविला आणि रिंगोच्या हातीं खंजिरी दिली. म्हणजे स्टुडिओची पसंती हीच कसोटी असती तर रिंगोहि तीन आठवड्यांत घरीं गेला असता. तो गेला नाहीं. ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं 'लव्ह मी डू' ही पहिली तबकडी निघाली तेव्हां तींत रिंगोचेंच वादन होतें. यावरून असें दिसतें कीं, स्टुडिओचा अभिप्राय हें निमित्त झालें. मूळ कारण स्वभावाचें होतें. रिंगोनें हँबुर्गमध्यें दुसऱ्या वृंदांत असतांना यांच्याबरोबर दिवस काढले होते आणि बेस्टच्या गैरहजेरींत यांना साथहि केली होती. लहानपणीं दोन मोठ्या आजारांत कित्येक महिने इस्पितळांत काढलेला हा मुलगा इस्पितळांतच ढोलाच्या नादीं लागला. तो चौघांत सहज मिसळला. बेस्ट दोन वर्षें राहूनहि थोडासा अलिप्तच राहिला होता. जून १९६४ मध्यें रिंगो आजारी पडला आणि जिमी निकोल या बदली वादकाला घेऊन दौरा करण्याचें ठरलें, तेव्हां रिंगोवांचून जाण्यास हॅरिसननें प्रथम साफ नकार दिला होता. सहा वर्षांत पांच जणांनीं पाहिलेलें तें आसन आतां एकाचें झालें होतें.

म्हणून संगीताच्या दृष्टीनें निर्णय योग्य ठरला असेंच मी म्हणेन. पण निर्णय योग्य असणें आणि तो न्यायानें अंमलांत आणणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रिफिथ्सला जसें दुसऱ्याच्या तोंडून कळलें, तसेंच बेस्टलाहि कळलें. चार वर्षांत हीं मुलें वादक म्हणून कोठल्या कोठें गेलीं. वाईट बातमी स्वतः सांगण्याचें धैर्य मात्र तेवढेंच राहिलें. लेनननें पुढें, आम्ही भ्याडपणा केला आणि तें काम ब्रायनच्या गळ्यांत घातलें, अशा अर्थाची कबुली दिली आहे. कबुली दिली हें चांगलें झालें; परंतु ती बेस्टच्या घरीं जाऊन त्याच दिवशीं दिली असती तर अधिक चांगलें झालें असतें.

बेस्टनें पुढें पाव भरण्याचें काम केलें, आणि नंतर सरकारी रोजगार कचेरींत जवळजवळ वीस वर्षें नोकरी केली. १९९५ मध्यें बीटल्सचीं जुनीं मुद्रणें 'अँथॉलॉजी' या नांवानें निघालीं. त्यांत त्याच्या वादनाचीं गाणीं होतीं आणि त्यांचा मोबदला त्याला मिळाला. त्याच संग्रहांत १९५८ च्या त्या एकुलत्या तबकडीवरील गाणीं आहेत. त्यांत हँटनचे ड्रम आणि लोचा पियानो ऐकूं येतो. १९९७ मध्यें म्हातारपणाकडे झुकलेले शॉटन, डेव्हिस, ग्रिफिथ्स, गॅरी आणि हँटन यांनीं क्वारीमेन हें नांव पुन्हां धारण करून वादन केलें. कोणत्याहि मोठ्या कार्याच्या पायांत जे दगड जातात ते वरून दिसत नाहींत. बीटल्सचें गाणें ऐकतांना चौघांची वाहवा खुशाल करावी. पण खालून जो ताल येतो त्याच्या आसनावर पूर्वीं कोण कोण बसून गेले, याचीहि ओळख असावी, एवढेंच आजच्या भाषणाचें सांगणें आहे.